गोव्यात राहायला आलात? मोकळ्या वेळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, पुणे, लातूर, नागपूर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी किंवा लग्न होऊन गोव्यात आलेली मराठी माणसं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी सांगलीहून पणजीत आलो त्याला सतरा वर्षं झाली. यातले बरेच प्रश्न पहिल्या वर्षी मीही लोकांना विचारत हिंडलो होतो. बहुतेक उत्तरांत एक गोष्ट परत परत येईल, ती म्हणजे वेळ. इथला समुद्र, बाजार, देऊळ, नाटक, धबधबा, प्रत्येकाची आपली वेळ ठरलेली आहे. ती सापडली की फारसा खर्च न करता सुट्टी भरून जाते.

१. पणजीत नुकतेच राहायला आलो आहोत. पहिल्या सुट्टीला काय करावं?

कळंगुट-बागा शनिवार-रविवारी पाहुण्यांना सोडून द्या. तिथे पोचण्यात आणि गाडी लावण्यातच दिवस जातो. त्यापेक्षा संध्याकाळी पाच वाजता कांपालला या. कला अकादमीपासून मांडवीच्या कडेकडेने मिरामारपर्यंत रमतगमत चाला. नदी समुद्राला मिळते ते ठिकाण डोळ्यासमोर येतं, पलीकडे रेइश मागुशचा किल्ला दिसतो. डिसेंबरात सूर्य सहानंतर लगेच बुडतो, जूनमध्ये सात वाजून जातात. परतताना एखाद्या गाड्यावर रोस आमलेट खा. आमलेटवर कोंबडीचा गरम रस्सा, वर कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि सोबत पाव. शाकाहारी असाल तर प्र. १२ पाहा.

दुसऱ्या दिवसापासून एखादा स्थानिक मराठी पेपर सुरू करा. ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’, कोणताही चालेल. कुठल्या गावात जत्रा आहे, कुठे भजन, कुठे नाटक, हे आतल्या पानांवरच्या छोट्या बातम्यांत सापडतं. मोबाइलवर शोधून यातलं निम्मंही मिळत नाही.

२. दुपारी दुकानं, वाचनालयं, कार्यालयं बंद का असतात?

साधारण एक ते साडेतीन-चार ही जेवणाची आणि वामकुक्षीची वेळ. दमट उकाड्यात ती सोयीची आहे. खरेदी सकाळी करा, भेटीगाठी चारनंतर ठेवा, दुपारी कुणाला फोन करू नका. महिनाभरात तुम्हालाही सवय लागेल.

३. समुद्रात उतरायचं आहे. कुठे आणि कधी?

ऑक्टोबर ते मे, आणि जीवरक्षक हजर असतील तेव्हाच. गोव्याच्या प्रमुख किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा ही त्यांची वेळ. वाळूत लाल-पिवळे बावटे रोवलेले दिसतील. त्या दोन बावट्यांमधल्या पट्ट्यावर जीवरक्षकाची नजर असते, तिथेच उतरायचं. नुसता लाल बावटा असेल तर पाय भिजवण्यापुरतंसुद्धा जाऊ नका.

कुटुंबासह जायचं तर काणकोणचं पाळोळे बरं. अर्धचंद्राकार खाडीसारखा किनारा असल्याने लाटा तुलनेने सौम्य असतात. दक्षिणेत कोलवा-बाणावलीची लांबच लांब पांढरी वाळू चालायला छान. उत्तरेला हणजूण-वागातोरला खडक आहेत, तिथे सूर्यास्त बघावा. पोहण्याचा हट्ट तिथे नको. मिरामारला वाळू भरपूर, पण तिथे नदीच्या मुखाचा ओढा आहे. पणजीकर तिथे फिरतात, पोहत नाहीत.

भरती-ओहोटी बघून निघा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी ओहोटी, मग दर दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. घरात कालनिर्णय असेल तर तिथी बघून बराचसा अंदाज बांधता येतो. माशेवाल्या बायकांना विचारलंत तर त्या तोंडपाठ सांगतात.

४. मला विहिरीत, नदीत पोहायची लहानपणापासून सवय आहे. गुडघाभर पाण्यात काय धोका?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, तोही कृष्णाकाठच्या माणसांकडून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नदी एका दिशेला वाहते. किनाऱ्यावर मात्र लाटांनी आणलेलं पाणी परत समुद्रात जायला वाट शोधतं, आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. हा पट्टा वरून फसवा दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये पाणी शांत, जरा गडद दिसतं. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते.

माझा मावसभाऊ वारणेत पोहत वाढलेला. ऑक्टोबरातली दुपार होती, दोन वाजले असतील. तो अशाच शांत पट्ट्यात उतरला. मी वाळूवर चपला सांभाळत बसलो होतो. चार-पाच वेळा त्याने हात मारले आणि डोकं लहान दिसायला लागलं. तो किनाऱ्याकडे तोंड करून पोहत होता आणि तरीही लांब जात होता. मी ओरडेपर्यंत जीवरक्षक लाल रंगाचा लांबट तरंगा घेऊन पाण्यात शिरलासुद्धा होता. तो सरळ भावाकडे गेला नाही. आधी बाजूने तिरपा गेला, मग त्याला धरून आडवं आणलं आणि फुटणाऱ्या लाटांबरोबर बाहेर काढलं. भाऊ वाळूवर पालथा पडून खोकत होता, बोटं वाळूत रुतवलेली होती. त्याला बोलायला वीस मिनिटं लागली.

त्या जीवरक्षकाने नंतर आम्हाला समजावलं ते असं. ओढ लागली की किनाऱ्याकडे पोहू नका, त्यातच दम संपतो. उताणे होऊन तरंगा, हात वर करून हाक मारा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला आत आणतात. बुडणाऱ्याच्या मागे आपण उडी घालायची नाही. जीवरक्षकाला बोलवा, तरंगणारं काहीतरी फेका, ११२ किंवा १०८ फिरवा. आणि दारू प्यायल्यावर पाण्यात जायचंच नाही.

५. जून ते सप्टेंबर समुद्र बंद. मग चार महिने काय करायचं?

माझ्या मते गोव्यात राहणाऱ्या माणसाचे खरे महिने हेच. पर्यटक कमी असतात, भातशेती पोपटी होते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. समुद्र लांबून बघा. यांत्रिक होड्यांची मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा मासळीचा भाव ऐकून दचकू नका.

२४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर फुलापानांची कोपेल (मुकुट) घालून लोक विहिरी-ओढ्यांत उड्या मारतात. तुम्ही बघायला जा, उडी मारायची तर विहिरीच्या घरच्यांनी बोलावल्यावरच. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. आबालवृद्ध तेल लावून चिखलात लोळतात, खेळतात. जुने कपडे घालून या, चिखल अंगावर येतोच. श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून अखंड. मध्यरात्रीनंतर गेलात तर पखवाज आणि भजन निवांत ऐकायला मिळतं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरां, म्हणजे निशाणांचा उत्सव. गणपतीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड: दोन होड्या एकत्र बांधून सजवतात आणि त्यावर देखावे करून नदीतून मिरवतात.

बाजारातही फेरी मारा. टाकळा (इथे तायकिळो म्हणतात), कोवळ्या बांबूचे किल्ल, अळूची पानं, नशीब असेल तर अळमी (रानातली अळंबी). हे सगळं काही आठवड्यांपुरतंच मिळतं.

एक घरगुती सूचना: हार्मोनियम, तबला, कॅमेरा, चामड्याच्या चपला पावसाळ्यात बुरशीने खराब होतात. कपाटात लहानसा दिवा लावून ठेवा. माझी पहिली पेटी मी अशीच गमावली, तिच्या भात्याला जुलैत पांढरी लव आली होती.

६. धबधब्यांवर कधी जाता येतं? दूधसागरला रुळांवरून चालत गेलं तर?

रुळांवरून चालत जाऊ नका. रेल्वेची त्याला मनाई आहे, कारवाई होते, आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते. दूधसागर (उंची सुमारे ३१० मीटर) भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीत येतो. पावसाळा संपल्यावर कुळ्याहून वन खात्याच्या परवानगीच्या जीपगाड्या सुटतात, त्यांनी जा. पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातही भरपूर असतं.

भर पावसात अभयारण्यांतल्या धबधब्यांवर वन खातं बंदी घालतं, पुढे काही ठिकाणं परवानगीने उघडतं. २०२३ च्या जुलैत बुडून मृत्यू झाल्यावर अशीच बंदी आली होती. निघण्याआधी पेपर बघा. सांखळीजवळचं हरवळे सोपं आहे: रस्ता जवळपर्यंत जातो, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ आणि कोरीव गुंफा आहेत. धबधबा बघायचा, खालच्या डोहात उतरायचं नाही.

७. मराठी नाटक, गाणं, पुस्तकं इथे मिळतात का?

हा प्रश्न वाचला की मला थोडं वाईट वाटतं. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं गाव, जितेंद्र अभिषेकी तिथलेच. गायिका केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. महाराष्ट्राने ज्या गळ्यांवर जीव टाकला त्यातले कितीतरी या लहानशा भूमीतून आलेले आहेत. इथे मराठी गाणं-नाटक शोधावं लागत नाही, फक्त कुठे चाललंय ते विचारावं लागतं.

पणजीची कला अकादमी चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली. तिच्या मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथांचं नाव आहे. अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा चुकवू नका. गावोगावचे हौशी संच तिथे जीव ओतून उभे राहतात, आणि प्रेक्षकही जाणकार असतात. केसरबाईंच्या नावाचा संगीत समारोहही अकादमीच भरवते. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, सांखळी आणि कुडचडे इथली रवींद्र भवनं, यांच्या फलकांवरून नजर फिरवत राहा.

पुस्तकांसाठी पाटोचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. मूळ संस्था १८३२ सालची. मराठीची कपाटं भरलेली आहेत, अभ्यासिका शांत आहे. पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी खिडकीजवळची जागा धरून बसा.

नोव्हेंबरात भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून तो गोव्यातच होतो. प्रतिनिधी म्हणून नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, आयत्या वेळी दारात उभं राहून उपयोग नाही. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. इतिहासकार दामोदर कोसंबींच्या नावाचा विचार महोत्सवही पणजीतच होतो.

आणखी एक, फक्त मे महिन्यात. साळावली धरणात बुडालेलं कुर्डी गाव पाणी ओसरल्यावर वर येतं. घरांची जोती, विहिरींचे कठडे, सोमेश्वराचं देऊळ दिसतं. विस्थापित गावकरी तिथे येऊन देवाचा उत्सव करतात. मोगूबाईंचं घर ज्या मातीत होतं तिथे उभं राहायचं असेल तर सकाळी लवकर जा, सावली मुळीच नाही.

८. जत्रेतलं नाटक बाहेरच्या माणसाने जाऊन बघितलं तर चालतं का?

चालतं. कुणी विचारत नाही तुम्ही कोण. कार्तिकापासून चैत्रापर्यंत जत्रांचा हंगाम. देवदर्शन, पालखी, मग रात्री उशिरा गावच्याच मंडळींचं नाटक, बहुतेक वेळा मराठीत: ऐतिहासिक, पौराणिक, नाहीतर सामाजिक. पेडण्याकडे गेलात तर दशावतारी काला.

माझी पहिली जत्रा डिचोली तालुक्यातल्या एका लहान गावातली. दहाला सुरू होणार म्हणून साडेनऊला पोचलो आणि साडेबारापर्यंत पडदा हलला नाही. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. बायका चटया अंथरून बसल्या होत्या, केसांत अबोलीचे वळेसर, पोरं मांडीवर झोपलेली. अखेर ऑर्गनने सूर धरला, तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. शहाजीराजे झालेला माणूस मी सकाळीच पंचायतीच्या दारात टेबल पुसताना बघितला होता. रंगमंचावर मात्र त्याने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि मागच्या रांगेपर्यंत सगळे गप्प झाले. विंगेत एक म्हातारे गृहस्थ बॅटरीच्या उजेडात वही धरून पुढचा शब्द पुटपुटत होते. त्यांना ती वही बघावीही लागत नव्हती. साडेचारला नाटक संपलं, आणि घरी परतेपर्यंत पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजायला लागला होता.

जाताना चटई, शाल आणि पाणी न्या. खाजे विकत घ्या. गूळ-आल्याचं हे खाजं गोव्याचंच, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दिव्याखाली गर्दी करून पैसे लावायचा खेळ चाललेला दिसला तर तिथे उभे राहू नका. देवळात अंगभर कपडे घाला. गाभाऱ्याचे फोटो काढू नका. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत प्रचंड गर्दी होते. तिथे अग्निदिव्यातून चालणारे धोंड व्रतस्थ असतात, त्यांच्या वाटेत येऊ नका. लहान मुलं, वयस्क माणसं घेऊन तिथे रात्री जाऊ नये असं माझं मत.

९. शिगमो, कार्निव्हल, नरकासुर यांतलं काय बघावं?

शिगमो आधी. होळीनंतर वेगवेगळ्या शहरांत मिरवणुका निघतात. चित्ररथांपेक्षा रोमटामेळ बघा: ढोल-ताशांच्या ठेक्यावर शेकडो माणसं एका पावलाने पुढे सरकतात. कार्निव्हल (गावात म्हणतात इंत्रूज) लेंट (ख्रिश्चनांचा उपवासकाळ) सुरू होण्याआधी चार दिवस, त्याची पणजीची मिरवणूक शनिवारी. नरकासुर दिवाळीच्या आदल्या रात्री, पहाटे दहन. आवाज कानठळ्या बसवणारा असतो, तान्हं बाळ घरी असेल तर आधीच तयारी ठेवा. पावसाळ्यातले सण प्र. ५ मध्ये, चवथ (गणेशचतुर्थी) शेवटच्या प्रश्नात.

१०. कोकणी येत नाही. अडचण होईल का?

कामापुरती नाही. बहुतेक लोक तुमच्याशी मराठीत बोलतील. तरी ‘कितें खबर?’, ‘देव बरें करूं’ (आपलं धन्यवाद) एवढं शिकून घ्या. ‘फाल्यां’ म्हणजे उद्या, ‘भुरगें’ म्हणजे मूल. तियात्र (कोकणी संगीत नाटक) बघायला गेलात तर कान लवकर तयार होतो, आणि गाण्यांवर टाळ्या कधी द्यायच्या तेही समजतं.

एक कळकळीची विनंती. ‘कोकणी ही मराठीचीच बोली ना?’ असं चहाच्या टेबलावर म्हणू नका. १९८७ च्या राजभाषा कायद्याआधी या प्रश्नावर घरं दुभंगली आहेत, माणसं गेली आहेत. तुम्ही सहज बोलता आणि समोरच्याच्या जुन्या जखमेवर बोट पडतं.

११. स्वतःची गाडी नाही. फिरायचं कसं?

पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को या मार्गांवर कदंबच्या (सरकारी) शटल बस आहेत, तिकीट खिडकीवर काढून चढायचं. गावांकडच्या खासगी बस संध्याकाळी सातनंतर विरळ होतात, परतीची शेवटची बस कंडक्टरला जातानाच विचारून ठेवा. जवळच्या अंतराला मोटारसायकलवाले पायलट. भाडं बसण्याआधी ठरवा. भाड्याने दुचाकी घ्यायची तर नंबराची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत का बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात पडतो.

फेरीबोट हा माझा आवडता प्रवास. जुने गोवे ते दिवाडी, पायी चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पाच-सात मिनिटांत शहर मागे पडतं.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. बाहेर खायचं काय?

‘शिवराक’ हा शब्द लक्षात ठेवा. इथली हिंदू घरंही सोमवारी, कित्येक गुरुवारीही शिवराक जेवतात, त्यामुळे अडत नाही. सकाळी कुठल्याही जुन्या कॅफेत भाजीपाव मागा. तव्यावरची लाल पावभाजी ती ही नव्हे. पातळ भाजी (वाटाणा, चवळी, बटाटा), सुकी भाजी, किंवा दोन्ही मिक्स, सोबत पाव नाहीतर गोड बन, वर मिरचीभजी. पोदेराकडून उंडे आणि पोळी घ्या. ही पोळी म्हणजे कोंड्याचा, आतून पोकळ, चपटा पाव. कोकमाची सोलकढी मात्र विचारून घ्या, कुठे ती माशांच्या थाळीतच येते.

१३. लहान मुलांना कुठे न्यावं?

मिरामारचं विज्ञान केंद्र, कांपालचं बालभवन (छंदवर्गही असतात), बोगमाळो रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय (सोमवारी बंद), आणि बोंडला. बोंडला हे गोव्यातलं एक लहानसं अभयारण्य, जेमतेम आठ चौरस किलोमीटर. आत प्राणिसंग्रहालय आहे, गुरुवारी बंद. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात मुलांना खारफुटीची मुळं दाखवा. ओहोटीला ती चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात.

१४. आई-वडील आठ दिवसांसाठी येणार आहेत. मंगेशी-शांतादुर्गा तर दाखवूच, पुढे?

जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ. देव मूळचा दिवाडीचा, पोर्तुगीज काळात देऊळ पाडलं गेल्यावर नदीपार नेलेला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. माझे वडील तिथल्या पायरीवर हात टेकवून बराच वेळ बसले होते, उठायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ला: जंगलाच्या कुशीत कदंबकालीन काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ. चालणं थोडं, सावली भरपूर. गुडघेदुखी असेल तर किल्ल्यांपैकी रेइश मागुश निवडा, शापोऱ्याला चढ आहे.

१५. किनाऱ्यावर बसून बिअर घेतली तर?

उघड्यावर पिणं, बाटल्या फोडणं, स्वयंपाक करणं कायद्याने गुन्हा आहे, दंड होतो. परवानाधारक शॅकमध्ये बसा. दारूसाठी किमान वय २१. वाळूवर गाडी घालू नका. भरतीत ती रुतते, दंडही होतो, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे रात्री दिवे, मोठा आवाज, फ्लॅश काहीही नको. मार्च ते मे काजूचा हंगाम, तेव्हा हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) मिळते. पिणार असाल तर गाडी घरी ठेवा. न पिणाऱ्यांसाठी काजूच्या बोंडांचा ताजा निरो आहे, तो सकाळीच प्यावा.

१६. आता आम्ही गोव्यातच राहतो. पाहुण्यांबरोबर कॅसिनोत जाता येईल का?

१ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोंचं दार फक्त पर्यटकांसाठी उघडं आहे, गोमंतकीयांना बंदी आहे. गोव्याचा पत्ता असलेल्या माणसाने तो बेत आखू नये. मी तर पाहुण्यांनाही नेत नाही. मांडवीच्या काठावरून ते दिवे दिसतात तेवढे पुरे.

१७. फोंतेन्यासमध्ये वाढदिवसाचे फोटो काढायचे आहेत. परवानगी लागते का?

पणजीतली ही जुनी वस्ती म्हणजे माणसांची राहती घरं आहेत. रस्त्यावरून मोबाइलने एखादा फोटो वेगळा. पण कुणाच्या पायरीवर बसणं, खिडकीला टेकणं, कपडे बदलून तासभर फोटो काढणं याला रहिवासी अक्षरशः कंटाळले आहेत. घराच्या माणसाला विचारा, नाही म्हणाले तर पुढे चला.

१८. बाई एकटीच राहते. संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला जाणं ठीक आहे?

मिरामार, दोनापावल रस्ता, कांपाल इथे रात्री आठपर्यंत चालणाऱ्यांची वर्दळ असते. माझी पुतणी तीन वर्षं रोज जाते. लहान, आडवाटेचे किनारे मात्र अंधार पडताच ओस पडतात, तिथे सूर्यास्तालाच परत फिरा. एक अपवाद पहाटेचा: मासे ओढणाऱ्यांची रापण चालू असेल तर सकाळी सहालाही माणसं भेटतात. भटक्या कुत्र्यांचे कळप असतात, पळू नका.

१९. ओळखी कशा होतील? सोसायटीत कुणी फारसं बोलत नाही.

गळा बरा असेल तर गावच्या देवळातल्या भजनाला जाऊन मागे बसा. अभंग मराठीच असतात, तिसऱ्या आठवड्याला कुणीतरी टाळ हातात देतं. खेळाची आवड असेल तर संध्याकाळी कुठल्याही मैदानाच्या कडेला फुटबॉल बघायला उभे राहा. गावागावांतले सामने इथे अटीतटीने खेळले जातात. घरी गाण्याची बैठक ठेवलीत तर शेजाऱ्यांना बोलवाच, आणि उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करा.

२०. गणपतीत आम्ही इथेच असू. सगळं शहर रिकामं होतं म्हणे. शेजाऱ्यांनी गावी बोलावलंय, जावं का?

जा. चवथीला पणजी खरंच ओस पडते, कारण प्रत्येकजण आपल्या मूळ घरी जातो. आदल्या दिवशी भाजी, दूध भरून ठेवा, बरीच हॉटेलंही बंद असतात.

गेल्यावर आधी वर बघा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली असते, ती माटोळी. तिला नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरिंजन, आंबाडे, निरफणस आणि रानातली अशी फळं बांधलेली असतात ज्यांची नावं फक्त घरातल्या आजीला ठाऊक. तिला एकेक करून विचारा, ती सांगेल. रिकाम्या हाताने जाऊ नका. नारळ, फळं, किंवा तुमच्याकडच्या पद्धतीचे मोदक न्या. इथे करंज्या, म्हणजे नेवऱ्या, अधिक होतात.

आरत्या मराठीच असतात. तुम्हाला पाठ असलेलीच ‘सुखकर्ता’, पण घुमट आणि शामेळ (ढोलासारखं वाद्य) यांच्या साथीवर लय वेगळी चालते. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेलं मातीचं मडकं, एका तोंडावर चामडं. पूर्वी घोरपडीचं असे, आता बकऱ्याचं लावतात. पहिली आरती नुसती ऐका. दुसरीला ठेका कळायला लागेल. तिसऱ्या आरतीला कुणाकडे तरी कासाळं (झांज) मागून घ्या, भिंतीला टेकून बसा आणि त्यांच्याबरोबर म्हणायला लागा.